न दिसणे आणि नसणे

दूरच्या संगणकावरची डिरेक्टरी आपल्या संगणकावर माउंट केली की ती आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वागू लागते. फाइल उघडता येते, वाचता येते, तिच्यात भर घालता येते. जो प्रोग्राम ती वाचतो त्याला ती शेजारच्या खोलीत आहे की समुद्रापलीकडे, याचा पत्ताही नसतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार केली ती याच हेतूने: आधी लिहिलेले प्रोग्राम जसेच्या तसे दूरच्या फाइलींवर चालावेत. हेतू बऱ्याच अंशी साधला. पण मधली वाट तुटली किंवा पलीकडचे यंत्र गप्प झाले की एक प्रश्न उभा राहतो, आणि तो यंत्राच्या निमित्ताने आला तरी मुळात ज्ञानमीमांसेचा आहे. मी विचारले, उत्तर आले नाही. यावरून मला काय कळले? फाइल नाही हे कळले, सर्व्हर बंद पडला हे कळले, की काहीच कळले नाही? माझ्या मते तिसरे उत्तर खरे आहे, आणि दूरच्या फाइली जवळ आणून दाखवणाऱ्याने तेच उत्तर शेवटपर्यंत जपायला हवे. ते जपणे अवघड जाते, कारण प्रोग्राम आणि कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, ज्या भाषेत बोलतात त्या भाषेची घडण एका डिस्कच्या काळातली आहे. 'आहे' आणि 'नाही' हे तिथले अस्सल शब्द. 'ठाऊक नाही' तिथे पाहुण्यासारखे वावरते.

'जमिनीवर मडके नाही' हे आपल्या दर्शनग्रंथांतले या विषयाचे नेहमीचे उदाहरण. समोर मोकळी जमीन आहे, तिच्यावर मडके नाही. हे 'नाही' कशाने कळते? जमीन डोळ्यांना दिसते, पण अभावाला ना रंग ना आकार. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. नैयायिकांनी वेगळे प्रमाण मानायला नकार दिला. अभाव हा पदार्थ खराच आहे, पण तो प्रत्यक्षानेच कळतो आणि अनुपलब्धी त्या कामी फक्त साहाय्य करते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद शतकानुशतके चालला. मात्र दोन्ही बाजूंना एक अट मान्य होती, आणि वादापेक्षा मला ती अट मोलाची वाटते. नुसते न दिसणे पुरत नाही, ती योग्यानुपलब्धी असावी लागते. मडके इथे असते तर ते मला दिसलेच असते, असे म्हणण्याजोगी परिस्थिती हवी: उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये भिंत नको. ही अट पुरी झाली तरच न दिसण्यावरून नसणे ठरते. अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही, यावरून खोलीविषयी काहीच सिद्ध होत नाही; सिद्ध होतो तो अंधार.

बौद्ध तार्किकांनी हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सांगितली. सातव्या शतकाच्या आसपासच्या धर्मकीर्तीने 'न्यायबिंदू'त अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू मानले, पण जी वस्तू असती तर दिसली असती तिच्यापुरतेच. देशाने, काळाने किंवा स्वभावाने दूर असलेल्या वस्तूची अनुपलब्धी अभाव सिद्ध करत नाही, ती फक्त संशयाला कारण होते, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. देशाने दूर हे शब्द नेटवर्कच्या संदर्भात वाचले की थबकायला होते. उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'त हीच अट ईश्वराच्या प्रश्नाला लावलेली दिसते. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे, की जे दिसण्याजोगेच नाही त्याच्या न दिसण्याने त्याचे खंडन होत नाही. चार्वाकाला ते विचारतात: घराबाहेर पडल्यावर बायकामुले दिसत नाहीत, तर ती नाहीत असे समजून तू शोक करत बसावेस काय? या युक्तिवादाने ईश्वर सिद्ध होत नाही, हेही नीट लक्षात ठेवले पाहिजे; त्यासाठी उदयनांना त्याच ग्रंथात वेगळी प्रमाणे मांडावी लागली. न दिसण्याच्या बळावर 'नाही' म्हणण्याचा अधिकार तेवढा तो काढून घेतो. उरतो तो संशय, आणि संशय म्हणजे ज्ञानातली पोकळी असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. न्यायसूत्रांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसऱ्या स्थानी संशय आहे. जैनांच्या स्याद्वादातले 'अवक्तव्य' इथे जोडण्याचा मोह होईल, पण तो आवरलेला बरा. अवक्तव्य हे वस्तूचे दोन पैलू एकाच वेळी शब्दांत मांडता न येण्याविषयी आहे. आपल्या अज्ञानाविषयी नाही.

आता स्वतःच्या डिस्ककडे पाहू. तिथे एखादे नाव शोधले की कर्नल ती डिरेक्टरी खरोखर वाचतो, त्यात ते नाव सापडत नाही, आणि 'अशी फाइल नाही' असे सांगतो. ही योग्यानुपलब्धी आहे: नाव असते तर या यादीतच असते, आणि यादी पूर्ण वाचली आहे. एनएफएसमध्येही सर्व्हरने स्वतः 'नाही' असे उत्तर पाठवले तर तोच दर्जा त्या उत्तराला मिळतो, कारण पाहणारा तिथे जमिनीजवळ उभा आहे. आपल्याकडे येते ते त्याचे शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह साक्ष. इतकेच नव्हे, हा प्रोटोकॉल अभावाचे प्रकारही ओळखतो. मागितलेल्या फाइलीची ओळख म्हणून सर्व्हर ग्राहकाला, म्हणजे फाइल मागणाऱ्या यंत्राला, एक हँडल देतो. युनिक्स सर्व्हरवर त्यात सहसा आयनोडच्या, म्हणजे फाइलीच्या डिस्कवरील नोंदीच्या, क्रमांकासोबत एक पिढीचा आकडाही असतो. फाइल पुसली गेली आणि तोच आयनोड दुसऱ्या फाइलीला मिळाला तर पिढी जुळत नाही, आणि सर्व्हर 'हे हँडल शिळे झाले' असे कळवतो. नैयायिक ज्याला प्रध्वंसाभाव म्हणतात, म्हणजे होते आणि नष्ट झाले, तो हा. 'अशी फाइल नाही' या उत्तरात मात्र ती कधी झालीच नव्हती की होऊन गेली, हे सांगितलेले नसते. चाळीस वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी न्यायशास्त्र वाचून हे केले नसणार. गरजेनेच त्यांना तिथवर आणले. पण गरजेने माणूस ज्या भेदापाशी पोचतो तो भेद बहुधा खरा असतो.

काळाने दूर असण्याचाही इथे अनुभव येतो. दर वेळी सर्व्हरला विचारणे परवडत नाही, म्हणून लिनक्सचा ग्राहक फाइलीची माहिती आपल्याकडे ठेवून घेतो. नेमलेल्या मूळ मर्यादा साध्या फाइलींसाठी ३ ते ६० सेकंदांच्या आहेत. तेवढ्या काळात 'आहे' याचा अर्थ 'थोड्या वेळापूर्वी होती' इतकाच. 'नाही' हेही तसेच लक्षात ठेवले जाते. दुसऱ्या यंत्राने नुकतीच तयार केलेली फाइल आपल्याला काही क्षण दिसत नाही, आणि कर्नल पूर्ण आत्मविश्वासाने ती नसल्याचे सांगत राहतो.

खरी कसोटी मौनाची. एनएफएसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हर ग्राहकाची काहीच स्मृती ठेवत नसे. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असे. त्यामुळे सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तरी ग्राहकाने तीच विनंती पुन्हा पाठवायची आणि पुढे जायचे. संथ सर्व्हर आणि कोसळून परतलेला सर्व्हर यांतला फरक ग्राहकाला कळूच नये, हा रचनेचा गुण म्हणून १९८५ साली मांडला गेला. मग उत्तर येईपर्यंत ग्राहकाने काय करायचे? दोन मार्ग दिले गेले. 'हार्ड' माउंटमध्ये तो अनंतकाळ विचारत राहतो आणि प्रोग्राम तिथेच अडकून राहतो. 'सॉफ्ट' माउंटमध्ये ठरावीक वेळा विचारून झाल्यावर तो प्रोग्रामच्या हाती चूक ठेवतो आणि मोकळा होतो. सॉफ्ट हा पर्याय समंजस वाटतो, पण लिनक्सच्या अधिकृत माहितीपत्रकातच इशारा आहे, की सॉफ्ट माउंटची मुदत संपल्याने काही वेळा कसलाही गाजावाजा न होता माहिती बिघडू शकते. कारण मौन दोन प्रकारचे असते: विनंती पोचलीच नाही, किंवा पोचली, काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले. ग्राहकाला दोन्ही सारखेच दिसतात. 'लिहिणे फसले' असे तो म्हणतो तेव्हा लिहिणे कदाचित झालेले असते. शिवाय अनेक प्रोग्राम लिहिल्यानंतर मिळालेली चूक नीट तपासत नाहीत, कारण स्वतःच्या डिस्कवर अशी चूक क्वचितच येते.

पुन्हा विचारण्यातही फसगत आहे. फाइल पुसण्याची विनंती गेली, सर्व्हरने ती पुसली, उत्तर हरवले. ग्राहक तीच विनंती पुन्हा पाठवतो, आणि सर्व्हर प्रामाणिकपणे सांगतो की अशी फाइल नाही. उत्तर अक्षरशः खरे आहे, तरी प्रोग्रामला वाटते की पुसायला काही नव्हतेच. यावर सर्व्हरने नुकत्याच दिलेल्या उत्तरांची नोंद ठेवायची पद्धत आली, आणि पुढे एनएफएसच्या ४.१ या आवृत्तीत सत्रे आली, ज्यांत प्रत्येक विनंतीला क्रमांक असतो आणि तीच विनंती दोनदा पार पडत नाही. हे सारे प्रयत्न एकाच दिशेचे आहेत: उत्तर ज्या परिस्थितीत दिले गेले तीही जपल्याशिवाय उत्तराचा अर्थ लागत नाही.

यावरचा पहिला आक्षेप व्यवहाराचा, आणि तो वजनदार आहे. संशय कितीही खरा असला तरी माणूस अनंतकाळ थांबू शकत नाही. पगाराचे काम अडले आहे, पडदा गोठला आहे, अशा वेळी तत्त्वज्ञान काय कामाचे? हे मला मान्य आहे. पण वाट पाहणे सोडणे आणि 'नाही' असा निष्कर्ष काढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली माझ्या वेळेविषयी आहे, दुसरी जगाविषयी. परगावी गेलेल्या माणसाची वाट पाहून दार लावून घेतले, म्हणजे तो वारला असे कोणी जाहीर करत नाही. लिनक्समध्ये हा भेद उशिरा का होईना आला. पूर्वी हार्ड माउंटवर अडकलेला प्रोग्राम सहसा मारताही येत नसे, तो अखंड झोपेत असे. २००८ साली आलेल्या २.६.२५ या आवृत्तीपासून अशी प्रक्रिया निदान ठार मारता येऊ लागली. प्रश्न विचारणाऱ्याला उठून जाण्याचा हक्क मिळाला, आणि तो मिळताना कोणतेही खोटे उत्तर तयार करावे लागले नाही. हार्ड माउंटमधला खरा दोष वाट पाहण्यात नव्हता. सुटकेची वाट न ठेवण्यात होता.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. ठरावीक काळात उत्तर येईलच अशी हमी असेल तर त्या काळानंतरचे मौन हा पुरावा का नाही? आहे, निःसंशय आहे. मग योग्यतेची अट पुरी होते. अडचण अशी की सर्वसाधारण नेटवर्कमध्ये ही हमी नसते. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली गणिताने सिद्ध केले, की निरोपांना विलंबाची मर्यादा नसेल आणि सहभागी यंत्रांपैकी एक जरी कोसळू शकत असेल, तर सर्वांचे एकमत नक्की घडवून आणणारी कोणतीही ठाम पद्धत असू शकत नाही. संथ आणि मृत यांत फरक करता येत नाही, हे त्या सिद्धतेच्या मुळाशी आहे. पण हमी बनवता मात्र येते. १९८९ मध्ये ग्रे आणि चेरिटन यांनी मुदतीच्या हक्काची, म्हणजे लीजची, कल्पना मांडली, आणि एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने ती घेतली. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत मूळची ९० सेकंदांची असते. ग्राहकाने मुदत संपण्याआधी हक्काचे नूतनीकरण केले नाही तर सर्व्हर त्याने फाइलींवर लावलेली कुलपे इतरांना देऊ शकतो. इथे सर्व्हर 'ग्राहक मेला' असे म्हणत नाही. 'तू गप्प राहिलास तर हक्क सोडलास असे धरू' हा करार आधीच झालेला असतो. मौनाला अर्थ करारातून आला, निरीक्षणातून नाही. दर्शनांच्या भाषेत, अंधाऱ्या खोलीत दिवा नेता येत नव्हता, तेव्हा मडक्याच्या मालकाशीच आधी बोलून घेतले.

तिसरा आक्षेप प्राभाकर मीमांसकांच्या बाजूने येईल. त्यांच्या मते अभाव हा वेगळा पदार्थच नाही. मडके नाही म्हणजे नुसती जमीन आहे, एवढेच. मग अभावाच्या प्रमाणाची चर्चा कशाला? पण हे मत स्वीकारले तर माझे म्हणणे आणखी घट्ट होते. नुसती जमीन हाच अभाव असेल तर आधी जमीन दिसायला हवी. गप्प सर्व्हरच्या बाबतीत आपल्याला जमीनच दिसत नाही.

युजरस्पेसमधला सर्व्हर इथे फार बोलका ठरतो. एरवी फाइल सिस्टिम कर्नलच्या आत असते. पण साध्या प्रोग्रामसारखा चालणारा एक सर्व्हर कर्नलच्या वतीने फाइलींची उत्तरे देऊ शकतो. पूर्वी यासाठी एनएफएसचाच उपयोग करत: आपल्याच यंत्रावर एक छोटा एनएफएस सर्व्हर चालवायचा आणि कर्नलला तो माउंट करायला लावायचा. जॅन-सायमन पेंड्री यांचा एएमडी हा ऑटोमाउंटर, म्हणजे गरजेनुसार आपोआप माउंट करणारा प्रोग्राम, असाच चाले, आणि मॅट ब्लेझ यांची १९९३ ची गुप्तलेखनाची फाइल सिस्टिमही. या मांडणीत कर्नलला वाटे की तो दूरच्या यंत्राशी बोलतो आहे. त्यामुळे शेजारची ती प्रक्रिया मेली तरी तिचे मौन तो दूरच्या सर्व्हरचे मौन समजे आणि परत येण्याची वाट पाहत बसे. एएमडीला निष्काळजीपणे ठार मारले तर यंत्रच अडकून पडायचे. प्रक्रिया मेली हे त्याच कर्नलला नक्की ठाऊक असे, कारण तिचा हिशेब त्यानेच मिटवलेला असतो. ज्ञान घरातच होते, पण ज्या खोलीत ते हवे होते तिथे जाण्याची वाट नव्हती.

लिनक्समध्ये २००५ साली आलेल्या फ्यूजने ही वाट बांधली. कर्नल आपल्या विनंत्या एका खास उपकरण-फाइलीतून युजरस्पेसच्या सर्व्हरला देतो आणि उत्तरे तिथूनच घेतो. ती प्रक्रिया मेली की तिने उघडलेली ती फाइल आपोआप बंद होते, आणि नंतरच्या विचारणाऱ्याला कर्नल ताबडतोब 'पलीकडे जोडणी नाही' असे सांगतो. ही खरी योग्यानुपलब्धी आहे: प्रक्रिया जिवंत असती तर ती उपकरण-फाइल उघडी असतीच. पण तीच प्रक्रिया जिवंत राहून दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर कर्नलला काहीच ठरवता येत नाही, आणि तो ठरवतही नाही. फक्त जोडणी तोडण्याची सोय प्रशासकाच्या हाती ठेवतो. दोन मौनांमधली सीमारेषा इथे इतकी स्वच्छ दिसते की ती बोटाने दाखवावी. जासूद वाटेत मारला गेला हे नक्की कळते. गड पडला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून जबाबदारी येते ती जासुदावर, म्हणजे युजरस्पेसचा सर्व्हर लिहिणाऱ्यावर. कर्नल त्याच्याकडून ठरावीक चुकांच्या आकड्यांत उत्तर मागतो, आणि नेटवर्कचे मौन कोणत्या आकड्यात भाषांतरित करायचे हे त्याला ठरवावे लागते. 'वाचताना अडचण आली' हा आकडा संशयाच्या सर्वांत जवळचा. 'अशी फाइल नाही' हा खोटा. आणि सर्वांत वाईट उत्तर असे, जे उत्तर वाटतही नाही: दूरचा सर्व्हर गप्प असताना डिरेक्टरीची रिकामी यादी परत करणे. रिकामी यादी म्हणजे 'मी पूर्ण पाहिले आणि इथे काही नाही' ही ठाम साक्ष आहे. ती वाचणारा एखादा बॅकअप प्रोग्राम असेल, मूळ प्रतीत जे नाही ते दुसऱ्या प्रतीतूनही पुसण्याचे काम त्याला दिलेले असेल, तर त्या एका यादीने दुसरी, शाबूत प्रत नष्ट होते. आरसिंक या प्रोग्रामच्या कर्त्यांनी हे ओळखले होते. मूळ बाजूच्या फाइली वाचताना कुठेही अडचणीची चूक आली तर आरसिंक पुसण्याचे काम आपणहून थांबवतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय ते करत नाही. यादीत नाव दिसले नाही, पण यादी पूर्ण पाहिल्याची खात्री नाही, म्हणून नाव नाही असे धरायचे नाही. धर्मकीर्तीने संशयाला कारण म्हटले तीच ही अनुपलब्धी, आणि इथे ती लोकांच्या कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे रक्षण करते. पण हे रक्षण चालते ते सर्व्हरने खरे सांगितले तरच. अडचणीच्या जागी त्याने रिकामी यादी दिली, तर आरसिंकचा सगळा सावधपणा वाया जातो.

एक प्रसंग मात्र उरतो, ज्यात कोणीच खोटे बोलत नाही. दूरची डिरेक्टरी माउंटच झाली नाही, तर त्या ठिकाणी आपल्या डिस्कवरची मूळची रिकामी डिरेक्टरी दिसते. कर्नल 'रिकामी' म्हणतो ते खरे आहे, यादी पूर्ण वाचलेली आहे, कसलीही चूक नाही. चुकते ते अधिकरण: आपण भलतीच जमीन पाहत असतो, आणि तिच्यावर मडके नसणारच. म्हणून अनुभवी प्रशासक दूरच्या डिरेक्टरीत खुणेची एक फाइल ठेवतात, आणि बॅकअपच्या सुरुवातीला आधी ती दिसते का ते पाहतात. ती दिसली तरच पुढच्या रिकामेपणावर विश्वास ठेवायचा. ती दिसली नाही तर काहीही न पुसता थांबायचे.